टेबलावरचा यूएसबी पंखा: आधी पोर्ट पाहा, मग पंखा घ्या

यूएसबी पंखा रडतखडत फिरतो, मध्येच थांबतो, किंवा तो लावला की बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क गायब होते. अशा वेळी दोष पंख्याला दिला जातो, पण गडबड बहुधा वीज कुठून घेतली यात असते. म्हणून सुरुवात पोर्टपासून करू.

१. वीज पुरेल का ते बघा

यूएसबी 2.0 पोर्ट 5 व्होल्टला 500 मिलिॲम्पिअर, म्हणजे 2.5 वॅट देतो. 3.0 पोर्ट 900 मिलिॲम्पिअर, म्हणजे 4.5 वॅट. मोबाईलचा साधा 1 ॲम्पिअरचा चार्जरसुद्धा 5 वॅट देतो. पंख्याच्या तळावर किंवा खोक्यावर त्याची गरज छापलेली असते. फक्त वॅट दिले असतील तर 5 ने भागा, ॲम्पिअर निघतील. हा आकडा पोर्टच्या मर्यादेच्या बराच आत हवा, कारण थांबलेली मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. हार्ड डिस्क गायब होते ती नेमकी याच क्षणी.

यूएसबी हबला (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला) स्वतःचा ॲडॉप्टर नसेल तर त्यावर पंखा लावू नका. कॉम्प्युटरच्या एकाच पोर्टची वीज तिथे सगळ्यांत वाटली जाते.

लॅपटॉप बॅटरीवर असेल तर हिशेब वेगळा. 50 वॅट-तासांची बॅटरी आणि 10 वॅट खाणारा लॅपटॉप म्हणजे पाच तास. त्यात 2.5 वॅटचा पंखा जोडला की उरले चार. शक्य असेल तिथे पंखा सरळ चार्जरवर चालवा. लॅपटॉपचा पोर्ट ही दुसरी पसंती.

२. निवडताना

मोठी पाती सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतात आणि आवाज कमी करतात. जागा असेल तर 4 इंचीऐवजी 6 इंची घ्या. मोटार ब्रशलेस, म्हणजे आत घासून वीज पोचवणारे ब्रश नसलेली, असावी. ब्रशची मोटार ठिणग्या पाडते, ब्रश झिजतात आणि जवळच्या मायक्रोफोनमध्ये खरखर येऊ शकते. तळाला रबरी पाय आणि मान वरखाली करायची सोय हवीच. जाळी इतकी दाट हवी की बोट आत जाणार नाही.

केबल लांब हवी म्हणून कोणतीही उचलू नका. बारीक तारेच्या दोन मीटर केबलमध्ये अर्ध्या ॲम्पिअरला साधारण 0.4 व्होल्ट वाटेतच जातात आणि पंखा तेवढा मंदावतो.

३. टाइप-सीची मेख

पंख्याला टाइप-सी सॉकेट आहे, पण दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने तो चालतच नाही? स्वस्त पंख्यांत 5.1 किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात. ते नसले की चार्जरला समोर काही जोडलंय हेच कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. एका टोकाला जुना चौकोनी टाइप-ए असलेली केबल वापरा, काम होईल. पंखा परत करण्याआधी हे करून बघाच.

४. कुठे ठेवायचा

पंखा हवा थंड करत नाही. अंगावरचा घाम वाळवतो. त्यामुळे खोलीभर फिरवून उपयोग नाही, झोत अंगावर यायला हवा. हाताच्या अंतरावर, किंचित बाजूला ठेवा आणि झोत मान व छातीकडे वळवा. डोळ्यांवर घेतला तर स्क्रीनकडे बघताना ते आणखी कोरडे पडतात. हवा 35 अंशांच्या वर गेली की ती त्वचेपेक्षा गरम असते; मग झोतापेक्षा ओल्या रुमालाने मान-हात ओले ठेवणं जास्त कामाचं. कॉलवर असताना झोत मायक्रोफोनला लागू देऊ नका. आणि पंख्याची मागची बाजू भिंतीपासून निदान वीतभर दूर ठेवा, हवा तिथूनच आत येते.

५. सफाई

महिन्यातून एकदा पुरे. केबल काढा, पुढची जाळी उघडा (बहुतेकांत खाचा असतात, काहींत खाली एक स्क्रू), कोरड्या ब्रशने पात्यांच्या कडा झाडा, मग ओलसर फडक्याने पुसा. पाती पुसताना एका हाताने धरा, दांडा वाकला तर थरथर कायमची. मोटारीवर पाणी नको.

६. बिघाड

पाती हाताने ढकलल्यावरच फिरत असतील तर दांड्याभोवती केस किंवा धागा गुंडाळलाय का ते पाहा. चिमट्याने काढा. नंतरही कुरकुर असेल तर दांड्यावर शिलाई मशिनच्या तेलाचा एकच थेंब. जास्त तेल धूळ ओढतं. गंज काढायचा स्प्रे मात्र नको; तो लवकर उडून जातो आणि कुरकुर परत येते.

पॉवर बँकेवर पंखा अर्ध्या मिनिटात बंद पडत असेल तर वेग वाढवून बघा. करंट फार कमी असला की काही पॉवर बँका काहीच जोडलेलं नाही असं समजून बंद होतात.

थरथर नवीनच सुरू झाली असेल तर पाती नीट दाबून बसवा. एखादं पातं तडकलं असेल तर पंखा चालवूच नका.