जुने घरगुती फोटो जपताय? आधी या चुका टाळा

काचेला चिकटलेला एक फोटो मी एकदा नखाने सोडवला होता. कडेने सहज सुटत आला, म्हणून धीर वाढला. मधोमध पोचलो आणि मागच्या रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंचा चेहरा काचेवरच राहिला, कागदावर पांढरा डाग. त्या बाई कोण, हे सांगणारं तेव्हा घरात कोणी उरलं नव्हतं. कित्येक वर्षं भिंतीवर टिकलेला फोटो दोन मिनिटांत माझ्या हातून गेला. जुन्या फोटोंचं जेवढं वाटोळं काळ करतो, त्याहून जास्त आपण हौशी नातेवाईक करतो, हे मी तेव्हापासून मानतो.

असं का होतं? फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. ओल लागली की जिलेटिन फुगून मऊ होतं, काचेला टेकतं आणि तिथेच वाळतं. तेव्हा चिकटलेला फोटो ओढू नका, पाणीही मारू नका. काचेसकट स्कॅन करा. नवी फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालून फट ठेवायला सांगा.

"यात आपलं कोणी नाही"

पेटी उघडली की आधी छाटणी सुरू होते. चेहरे ठेवायचे, बाकीचे काढायचे. विहिरीवरची गर्दी, खळ्यावरची कामं, धुरकट स्वयंपाकघर, हललेली गाय: "यात आपलं कोणी नाही" म्हणून हे सगळं बाजूला पडतं. माझ्या मते सगळ्यात महाग चूक हीच. नटूनथटून काढलेले फोटो बहुतेक घरांत सापडतात; रोजच्या कामाचे मुळात कमी काढले गेले, कारण फिल्म मोजून वापरायची असायची.

स्टुडिओतल्या फोटोवर तर फार विसंबू नये. मागचा बाग-महालाचा पडदा रंगवलेला, खुर्ची फोटोवाल्याची, कधी कधी कोटसुद्धा त्याचाच. त्यावरून "आपलं घराणं श्रीमंत होतं" असं ठरवणारे लोक मी पाहिले आहेत. सगळे गंभीर दिसतात म्हणून घरात हसू नव्हतं, असंही नाही. कॅमेऱ्यापुढे गंभीर बसायचीच रीत होती, आणि सुरुवातीच्या काळात तर काही सेकंद न हलता राहावं लागे.

अंगणातल्या फोटोत मात्र कडा बघा. माझ्याकडच्या एका समूहचित्रात पुढच्या रांगेतल्या सगळ्यांच्या पायांत वहाणा आहेत, मागच्या रांगेतल्या एकाच्याही नाहीत. उजव्या कोपऱ्यात दाराआडून एक मुलगी अर्धी डोकावते आहे. ती फोटोत "नाही", पण आहे. फ्रेमला बसावा म्हणून कोणी तो फोटो कापला असता, तर पहिली तीच गेली असती. म्हणून कात्री लावू नका, स्कॅन करतानाही पांढऱ्या कडेसकट करा. कित्येक प्रिंटच्या त्याच कडेवर महिना आणि साल छापलेलं असतं.

साल ठरवताना

कॅमेऱ्यावरून किंवा कागदावरून साल ठरवणारे एक गोष्ट विसरतात: त्यातून फक्त "याआधीचा नाही" एवढंच कळतं. कोडॅकचा स्वस्त ब्राउनी कॅमेरा १९०० साली आला, पण खेड्यांत पुढेही बराच काळ फोटो म्हणजे फिरता फोटोवालाच. जुनी यंत्रं तिथे उशिरापर्यंत चालत राहिली. प्लास्टिकचा थर असलेला गुळगुळीत कागद १९७०च्या दशकात सगळीकडे पसरला. त्यावरचा प्रिंट जुन्या निगेटिव्हवरून नंतर काढलेला असू शकतो. लोखंडी पत्र्यावरचे जुने फोटो तर आरशातल्यासारखे उलटे असतात. त्यावरून आजोबांना डावखुरं ठरवू नका, आधी सदऱ्याची बटणं बघा.

मोठ्या माणसांना नुसतं "हे कोण?" विचारलं की एक नाव मिळतं आणि बोलणं संपतं. "फोटो कोणी काढला?", "मागे ती शिडी कशाला लावली आहे?" असं विचारलं की ती बोलत सुटतात. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, आणि टोपणनाव सांगितलं तर तेच लिहा. खात्री नसेल तिथे "बहुधा" लिहायला लाजू नका. जुना मजकूर चुकीचा वाटला तरी खोडायचा नाही. आपली दुरुस्ती वेगळ्या कागदावर, तारखेसह.

लिहायचं कशाने? बॉलपेनने तर नाहीच. मागून दाबलं की पुढे चरे उमटतात, आणि शाई पसरते. कागदी प्रिंटच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने हलका क्रमांक घाला, नावं यादीत लिहा. प्लास्टिकच्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे क्रमांक पाकिटावर घाला.

चिकट पानांचे अल्बम, चिकटपट्टी, लॅमिनेशन: तिन्ही नकोत. अल्बम मोडण्याआधी प्रत्येक पानाचा अख्खा फोटो काढून ठेवा. फोटोंचा क्रम हीसुद्धा माहिती असते, आणि एकदा विस्कटला की परत जुळत नाही.

स्कॅनिंगचा उलटा क्रम

सगळे सर्वांत जुन्या कृष्णधवल फोटोपासून सुरुवात करतात. खरं तर ते थांबू शकतात. तयार करतानाच चांगला धुतलेला कृष्णधवल प्रिंट चांदीच्या कणांचा असतो, बराच टिकतो. रंगीत प्रिंटमधले रंग अंधाऱ्या कपाटातही उतरतात. १९६० आणि ७०च्या दशकांतले फोटो तांबूस होत जातात ते यामुळेच. आधी ते घ्या. त्याहीआधी व्हिनेगरसारखा आंबट वास येणाऱ्या निगेटिव्ह. तो वास म्हणजे फिल्मचा पायाच कुजतो आहे, आणि ती वाफ शेजारच्या निगेटिव्हही बिघडवते, म्हणून त्या वेगळ्या ठेवा.

साध्या प्रिंटला ६०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) पुरेसं, अगदी छोट्या प्रिंटला १२००. ३५ मिलिमीटर निगेटिव्हला ३००० ते ४०००. मूळ फाइल टिफ (TIFF) या दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात ठेवा, पाठीमागची बाजूही स्कॅन करा. गडद भागावर निळसर चंदेरी झाक दिसली तर कापडाने घासू नका. ती मळ नसते, पृष्ठभागावर आलेली चांदी असते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आक्रसून जातो. आणि फाइलची तारीख ही स्कॅनची असते, फोटोची नव्हे. नाव देताना हे ध्यानात ठेवा.

पुरात किंवा गळतीत गठ्ठा भिजला तर चिकटलेल्या अवस्थेत वाळू देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून अलगद सुटे करा, चित्राच्या बाजूला बोट न लावता, आणि चेहरा वर करून सपाट वाळवा. दोन दिवसांत जमणार नसेल तर मध्ये मेणकागद घालून प्रिंट फ्रीजरमध्ये टाका. काचेच्या निगेटिव्ह मात्र गोठवायच्या नाहीत.

राहता राहिलं फोनवरचं "फोटो सुधारा" बटण. ते पुसट चेहऱ्याला नवे डोळे लावतं, आणि ते डोळे कोणाचेच नसतात. गंमत म्हणून करा, पण मूळ फाइलवर सेव्ह करू नका. आमच्या आत्याच्या लहानपणीच्या फोटोतला झगा एका भाच्याने असाच निळा करून घरच्या ग्रुपवर टाकला. आता पोरं तो निळाच होता म्हणून सांगतात. आत्या म्हणते पिवळा होता, आईच्या जुन्या लुगड्यातून शिवलेला. ते मी तिच्याच शब्दांत पाकिटावर लिहून ठेवलं आहे.