फणसाच्या आठळ्यांचं पीठ घरच्या घरी

गरे संपतात आणि आठळ्यांची पिशवी ओट्याखाली पडून राहते. चार-दोन डाळीत किंवा भाजीत जातात, उरलेल्यांना कोंब फुटले की थेट कचऱ्यात. कोकणात त्या मातीत ठेवून पावसाळ्यात पुरवून वापरतात. फ्लॅटमध्ये माती कुठून आणणार? त्यापेक्षा पीठ करा.

आधी आठळ्या निवडा. मऊ पडलेल्या, काळ्या डागांच्या फेका. बाकीच्यांवरचा बुळबुळीत थर पाण्यात चोळून काढा (बरक्या फणसाच्या असतील तर जरा जास्तच चोळावं लागतं) आणि दिवसभर पसरून ठेवा. वरचं पांढरं टरफल कडकडीत होतं, मग सुरीच्या टोकानं सहज सुटतं. आतली तपकिरी साल बरेच जण घासून काढतात. माझं मत, राहू द्या. पीठ थोडं काळपट आणि तुरट होतं, पण त्या सालीत चोथाही असतो.

शिजवणं मात्र टाळू नका. कच्च्या आठळीत प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते उष्णतेनं बरेचसे निकामी होतात. कुकरला मिठाच्या पाण्यात दोन शिट्ट्या पुरतात. सुरी आत शिरावी, पण आठळीचा भुगा होऊ नये. पाणी निथळून, गार झाल्यावर पातळ चकत्या करा.

चकत्या मे महिन्याच्या उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. आभाळ आलं तर ओव्हनमध्ये ६०-७० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून. चकती वाकली तर अजून ओल आहे. कट्कन मोडली की झाली. इथे घाई केली तर डब्यात बुरशी ठरलेली. मग मिक्सरमधून काढा, चाळा, उरलेली भरड पुन्हा फिरवा. ओल्या आठळ्यांत निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे किलोभरातून अर्धा किलोही पीठ हाती येत नाही. बरणी फ्रिजमध्ये ठेवा.

या पिठात ग्लुटेन नाही, म्हणून नुसत्याची पोळी लाटली तर तुटते. तीन वाट्या कणकेला एक वाटी घ्या. थालीपिठाच्या भाजणीत, धिरड्यात ते छान मिसळतं. आमटी दाट करायला चमचाभर पुरे. आठळ्या वातूळ, तेव्हा ओवा-हिंग हवाच. मधुमेह असेल तर हे पिष्टमय पीठ आहे, औषध नव्हे, हे लक्षात ठेवून बेतानं खा.

आणि आठळ्या जमल्या म्हणून जर्दाळू-पीचच्या कडू बियांकडे वळू नका. त्यांतून पोटात सायनाइड तयार होतं.