संमेलनाला गर्दी झाली, पण गावात काय बदललं? मोबाइलवर असं मोजा

ग्रंथदिंडी निघाली, मंडप भरला, दुपारी पंगती उठल्या, की कार्यकर्ते विचारतात, ‘किती माणसं आली?’ बेळगाव तालुक्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. वर्गणी देणाऱ्या गावकऱ्याला याच्या पुढचंही कळायला हवं: या खटपटीनं फरक काय पडला?

आधी एकच बदल ठरवा. ‘मराठीचं प्रेम वाढलं’ हे मोजता येत नाही. ‘कन्नड किंवा इंग्रजी माध्यमातली मुलं वाचनालयातून महिन्याला किती मराठी पुस्तकं नेतात’, हे येतं.

मग कार्यक्रमाच्या आधीची स्थिती टिपून ठेवा. हीच पायरी सगळे विसरतात आणि नंतर तुलनेला काहीच उरत नाही. वाचनालयाची देवघेव वही घ्या, मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी गूगल शीट्समध्ये चढवा. तारीख, वयोगट, शाळेचं माध्यम, पुस्तकाची भाषा हे चार रकाने पुरेत; नावं नकोत.

प्रश्नावली पाच-सहा प्रश्नांची ठेवा. ‘कार्यक्रम आवडला का?’ असं विचारलं तर तोंडावर नाही कोण म्हणेल? ‘गेल्या महिन्यात मराठीत काय वाचलंत?’ असं विचारा आणि तेच प्रश्न तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. शहरात गूगल फॉर्म चालतो. खानापूरकडे जांबोटी-कणकुंबीच्या रानात रेंज गेली तर कोबो टूलबॉक्स हे प्रश्नावली भरून घेण्याचं साधन बरं. ते मोफत वापरता येतं, नेट नसतानाही उत्तरं फोनमध्ये साठवतं आणि एकाच फॉर्ममध्ये मराठी-कन्नड दोन्ही भाषा ठेवता येतात. नाटकाला येणाऱ्या कानडी शेजाऱ्यालाही त्याच्या भाषेत विचारलंच पाहिजे.

आम्ही पहिल्यांदा फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. उत्तरं आली ती जवळजवळ सगळी पुरुषांची, कारण ग्रुपमध्ये बायका नव्हत्याच. मग फोन घेऊन भजनाच्या वेळी देवळात गेलो. एका आजींना विचारलं, ‘वाचता का?’ म्हणाल्या, ‘मला कुठलं येतंय? धाकटी नात रात्री गोष्ट वाचते, मी ऐकते.’ आमच्या फॉर्ममध्ये या उत्तराला जागाच नव्हती! त्या दिवसापासून ‘घरात कुणी वाचून दाखवतं का?’ हा प्रश्न कायमचा आला. अशी बोलणी फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, पण आधी परवानगी घ्या. मुलांना विचारायचं तर आईवडिलांची घ्या.

शेवटी गूगल शीट्समध्ये पिव्होट टेबल (नोंदींची गटवार मोजणी करून देणारा तक्ता) लावून आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवा. जमल्यास संमेलन न भरणाऱ्या जवळच्या गावातही तेच प्रश्न विचारा; नाहीतर परीक्षा संपून सुट्टी लागल्यामुळे वाढलेलं वाचन आपण संमेलनाच्या खात्यावर मांडून बसू. आकडे वाचनालयाच्या फळ्यावर लावा, कमी झाले असतील तरीही, आणि पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमांची यादी त्या फळ्यासमोर बसून करा.