आधी भिंत बघा, मग तसबीर घ्या

घरासाठी चित्र किंवा जुनी वस्तू घ्यायची असली की ओळखीतले लोक मला विचारतात, काय घेऊ? मी त्यांना आधी विचारते, पावसात तुमची कुठली भिंत ओली होते? मी रत्नागिरीजवळ चिऱ्याच्या घरात राहते. इथे जूनपासून चार महिने हवा इतकी दमट असते की काय टिकणार आणि काय नाही, हे पाऊसच ठरवतो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही ओल असतेच, रंगाखाली असल्यामुळे उशिरा कळते एवढंच.

तेव्हा एक पावसाळा भिंतींकडे नीट लक्ष द्या. झड नैर्ऋत्येकडून येते, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती बहुधा ओल धरतात. न्हाणीघराला लागून असलेलीही धरते. कागद, कापड, लाकूड तिथे लावू नका. दोन्ही बाजूंना खोली असलेली घरातली मधली भिंत चित्रांसाठी उत्तम, फक्त तिच्यावर थेट ऊन पडत नाही ना एवढं पाहा. उन्हाने जलरंग आणि जुना कागद फिका पडतो, आणि गेलेला रंग परत येत नाही.

जुन्या माजघरांतल्या देवांच्या तसबिरी आठवून बघा. खालची कड लाकडी पट्टीवर टेकलेली, वरून दोरीने बांधलेली आणि अख्खी तसबीर पुढे झुकलेली. मला आजही ही पद्धत सगळ्यांत योग्य वाटते. मागे वारा खेळतो, काचेवर खिडकीचा उजेड चमकत नाही आणि खाली बसलेल्या माणसाला चित्र सरळ दिसतं. सपाटच लावायचं असेल तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंतीपासून थोडी जागा राहील. उभ्याने बघायच्या ठिकाणी चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच-पाच फुटांवर ठेवा, बैठकीत त्याहून वीतभर खाली.

फ्रेमवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा. चित्र काचेला टेकता कामा नये, मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट हवी. आणि पाठीला हार्डबोर्ड नको, अ‍ॅसिड-फ्री बोर्ड घाल, फट टेपने बंद कर, नाहीतर कसर शिरते.

रवि वर्मा छापखान्यातली जुनी चित्रं अजून विकायला येतात. तो छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घ्यायला जाताना भिंग न्या. जुन्या शिळाछापातले, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रातले रंगाचे ठिपके लहानमोठे, विखुरलेले दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत त्यांची एकसारखी जाळी दिसते. काठ शाबूत आहे का तेही बघा, कारण छापखान्याचं नाव बऱ्याचदा तिथेच असतं आणि फ्रेममध्ये बसवताना तेच कापलं जातं. काही प्रतींवर देवीच्या साडीला खरी जर, टिकल्या लावलेल्या असतात. अशा चित्रावर ओलं फडकं कधीही फिरवू नका.

वारली चित्र कापडावरचं घ्या आणि शक्यतो डहाणू-जव्हारकडच्या चित्रकाराकडूनच. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आता छापील वारलीही सगळीकडे दिसते. हाताने काढलेली रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. सगळ्या माणसांचे त्रिकोण हुबेहूब सारखे असतील तर ते छापलेलं समजा. लग्नघरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चितारायची ही कला आहे, म्हणून तिला मोकळी भिंत द्या. शेजारी दुसरं काही टांगू नका.

आता माझा जीव ज्यात आहे ते तांबं-पितळ. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे किंवा कुठल्याही मोडवाल्याकडे जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड लगेच कळतं. मुद्दाम चढवलेला हिरवेपणा सगळीकडे सारखा असतो आणि अंगठ्याने चोळला की हाताला लागतो. दोन भांडी सारखीच आवडली तर ज्यावर ठिपक्यांनी नाव घातलेलं आहे ते घ्या. कुणी कुणाला लग्नात दिलं, कुठलं गाव, कधी सालसुद्धा त्यावर असतं. अशा भांड्याला वरचेवर पावडरने घासू नका, ठिपके झिजून नाव पुसलं जातं. पितळेचं भांडं चिंचेत रात्रभर भिजत घालणंही वाईट. आम्लाने पितळेतलं जस्त निघून जातं आणि भांडं लालसर पडतं.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके दिसतात का ते बघत राहावं. खाऱ्या हवेतल्या क्लोराइडने धातू खायला सुरुवात केल्याची ती खूण. भांडं स्वच्छ पाण्याने धुवा, उन्हात खडखडीत वाळवा, मेणाचा पातळ हात द्या आणि आत ठेवा. मांडताना गर्दी टाळा. एका फळीवर समई, अडकित्ता आणि पानाचा डबा एवढं पुरतं. उजेड बाजूने पडू द्या, म्हणजे मठारकामाचा प्रत्येक ठोका दिसतो.

मूर्तीच्या बाबतीत मात्र थांबा. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती पुरावस्तू ठरतात. त्यांची नोंदणी करावी लागते आणि त्या तुम्हाला परदेशी नेता येत नाहीत. देवळातून आलेली असेल अशी शंका जरी आली तरी घेऊ नका, कितीही सुंदर असली तरी.

अंगणासाठी काळ्या पाषाणाचं जातं, उखळ, पाटा यांना तोड नाही. पावसाने त्यांचं काही बिघडत नाही. सिमेंटमध्ये बसवू नका, खाली खडी-वाळूचा थर द्या म्हणजे पाणी निघून जाईल आणि उद्या जागा बदलावीशी वाटली तर वस्तू फुटणार नाही. जातं तुळशीच्या वाटेत ठेवू नका, त्याला पाय लागलेला घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सहन होत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. जुनी लाकडी दारं, खांब पागोळीच्या आतच ठेवायचे. घंगाळात पाणी भरून फुलं सोडायची तर पाणी रोज बदला, डास होतात. डासांसाठी गप्पी मासे सोडायचे असतील तर ते दगडी डोणीत सोडा. तांब्याच्या घंगाळात नाही, पाण्यात उतरणारं तांबं माशांना मारतं.