बेंच प्रेस ६० किलोवर अडकलाय? रूटीन असं बदला

बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं झोपून वजनाचा बार छातीपर्यंत आणायचा आणि वर ढकलायचा. ६० किलोचे आठ रेप (एकदा खाली-वर म्हणजे एक रेप), आणि दोन महिने झाले तरी नववा काही निघत नाही. अशा वेळी जिममध्ये सल्ल्यांना तोटा नसतो: नवी पावडर घे, नवं मशीन कर, रीलमधला तो व्यायाम कर. यातलं काहीही करू नका. व्यायाम तोच ठेवून वजन, रेप आणि दिवसांची मांडणी बदला.

सुरुवात वजन-रेप लिहायच्या वहीपासून. एखादा आठवडा वाईट गेला म्हणजे प्रगती थांबली असं नाही. तीन-चार आठवडे आकडे हलले नाहीत, तर आधी झोप आणि ताट तपासा. स्नायू वाढवायला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम असतात. नुसत्या पोहे-पोळी-भाजीवर हा हिशेब जुळत नाही.

ते ठीक असेल, तर एक आठवडा हलका घ्या. वजन ५० किलो, सेट (न थांबता केलेल्या रेपचा एक गट) निम्मे. बहुतेकांना हा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो आणि ते तो टाळतात. पण साचलेला थकवा उतरला की कधी कधी तेवढ्यानेच वजन हलतं.

आता मुख्य बदल. आपल्याकडे सोमवार म्हणजे चेस्ट डे, मग छातीला थेट पुढच्या सोमवारपर्यंत सुट्टी. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा बेंच करा. सोमवारी जड: ६० किलोचे पाच रेपचे पाच सेट, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. मोबाईल बघत नाही, घड्याळ बघत. गुरुवारी हलका: ४७.५ किलोचे आठ रेपचे तीन सेट, प्रत्येक रेपला बार छातीवर एक सेकंद थांबवून. छातीवरून उसळी घ्यायची सवय इथेच मोडते.

पुढच्या सोमवारी ६२.५ किलो. इथे गंमत अशी, की बऱ्याच जिममध्ये सर्वात लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की एकदम पाच किलो, म्हणजे ६० वर आठ टक्क्यांची उडी. सव्वा किलोच्या दोन प्लेट विकत घ्या आणि बॅगेत ठेवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ६५ वर पाच रेप निघाले नाहीत तर तीन करा, पण बार वाकडातिकडा ढकलू नका.

बार नेमका कुठे अडतो ते मित्राला व्हिडिओ काढायला सांगून बघा. छातीजवळ अडत असेल तर गुरुवारचा थांबा दोन सेकंदांचा करा. वर, हात सरळ होताना अडत असेल तर ट्रायसेप्स (दंडामागचे स्नायू) कमी पडतायत. गुरुवारच्या शेवटी थोडी जवळ पकड घेऊन दोन सेट जोडा.

जड दिवशी मागे स्पॉटर, म्हणजे बार अडला तर उचलायला मदत करणारा, हवाच, आणि त्याला आधीच सांगा की बार थांबल्याशिवाय हात लावू नकोस. खांद्यात टोचल्यासारखं दुखलं तर तो सेट तिथेच सोडा.

पाचवा आठवडा पुन्हा हलका. सहाव्या सोमवारी वॉर्म-अप करून ६० किलो लावा आणि एकच सेट, निघतील तेवढे रेप. नऊ-दहा निघाले तर हीच मांडणी ६२.५ पासून पुन्हा सुरू करा. आठच निघाले तर जड दिवशी एक सेट वाढवा. बाकी कशालाही हात लावू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.