स्वतःवरच्या विनोदांचा पाच मिनिटांचा सेट: कोल्हापूरच्या नव्या कॉमेडियन मुलींसाठी

ओपन माइकला, म्हणजे नवख्यांनाही स्टेज मिळतं त्या कार्यक्रमात, साधारण 4 ते 5 मिनिटं मिळतात. हशासाठी थांबत बोललं तर त्यात 500च्या आसपास शब्द बसतात. तेवढेच लिहा.

पहिला विनोद समोरच्यांना दिसतंय त्यावर, पहिल्या 30 सेकंदांत: उंची, आवाज, चष्मा. त्यांच्या मनातलं तुम्हीच आधी बोललात की लोक सैल होतात. पण पाचही मिनिटं शरीरावर घालवू नका. दोन-तीन विनोदांनंतर 'अरेरे' ऐकू येतं, आणि कीव आली की हशा गेला. मग स्वतःचा हट्ट, आगाऊपणा, फसलेले निर्णय पकडा.

हे बघा: "मिसळ खायला गेलो, तर शेजारचा मला म्हणतोय, वहिनी, जरा कट आणा." थांबा. हशा उतरायला लागला की शेपूट जोडा: "आणला." परत थांबा. "पैसे बी घेतले." सुरुवातीला फजिती, शेवटी तिचीच सरशी. हा पलटा नसला की विनोदाचं रडगाणं होतं. हशा 'आणा'वर आहे, आणि वाक्याच्या शेवटी आवाज पाडायची आपल्याला सवय असते. तो शब्द गिळला तर सगळं फुकट. माइक तोंडापासून दोन बोटांवर धरा, स्टँड मागे सरकवा. पुण्यात कार्यक्रम असला तरी 'गेलो'चं 'गेले' करू नका. बोली गेली की निम्मा जोर जातो.

घरच्यांवर बोलायचं तर पात्र रचा. अमेरिकन कॉमेडियन फिलिस डिलर 1955 मध्ये, वयाच्या 37व्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या 'पर्पल अनियन' क्लबात उभी राहिली. तिच्या विनोदांतला नवरा 'फँग' कल्पित होता. कोल्हापुरात तर प्रेक्षकांत कुणी ना कुणी पाहुणा निघतोच, त्यामुळे खऱ्या सासूला त्यात ओढू नका.

डिलरची विनोदांची 50 हजारांवर कार्डं अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. तीच शिस्त लावा: एका कार्डावर एक विनोद, मागे तारीख, जागा, हशा आला की नाही. फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. तीन जागी पडलेला विनोद काढा. एकाच जागी पडला असेल, तर आधी रेकॉर्डिंगमध्ये शेवटचा शब्द नीट ऐकू येतोय का ते तपासा.

क्रम लावताना खात्रीत दुसऱ्या नंबरचा विनोद सुरुवातीला, सगळ्यात खात्रीचा शेवटी. मिनिटभर उरलं की बहुतेक ठिकाणी प्रेक्षकांच्या मागून दिवा दाखवतात. चालू विनोद पुरा करा, मधले सोडा आणि थेट शेवटच्यावर जा.