ज्येष्ठांच्या सवलतीत एसटीने लांबचा प्रवास टप्प्याटप्प्याने कसा करावा

पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना महाराष्ट्रात एसटीचा प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट पडते. तरीही ही सवलत बहुतेक घरांत लग्नकार्य, दवाखाना आणि पंढरपूर यांपलीकडे जात नाही. लांब जायचे म्हटले की मुले म्हणतात, "एवढा वेळ गाडीत बसवणार नाही तुम्हाला." मुलांची काळजी खरीच आहे. रात्रभर एका सीटवर अवघडून बसणे सत्तरीनंतर कुणालाच मानवत नाही. पण लांब जायला थेट गाडीच हवी असे कुठे आहे? तालुक्याच्या गावाहून पुढच्या तालुक्याच्या गावाला, दिवसाउजेडी, दोन-अडीच तासांच्या टप्प्यांनी गेलात तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडता येतो आणि वाटेतली गावेही पाहून होतात. तिकीट मोफत किंवा अर्धे असल्यामुळे गाड्या बदलल्याचा भुर्दंडही जवळजवळ पडत नाही.

नमुन्यासाठी मी छत्रपती संभाजीनगर ते नागपूर हा जुन्या रस्त्याचा मार्ग घेतला आहे. पद्धत मात्र कुठल्याही मार्गाला लावता येईल.

आधी ओळखपत्रावरची जन्मतारीख वाचा

वाहकाला तुमच्या वयाचा पुरावा लागतो. आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा एसटीचे स्मार्ट कार्ड, यातले जे दाखवणार असाल ते आज कपाटातून काढून नीट वाचा. अनेक ज्येष्ठांच्या आधारवर पूर्ण तारीख नसते, नुसते जन्मवर्ष असते. नाहीतर शाळेत लावलेली तारीख एका कागदावर आणि खरी दुसऱ्यावर असते. यावरून गाडीत वाद घालण्यापेक्षा आधार केंद्रात जाऊन दुरुस्ती करून घेतलेली बरी. ७५ पूर्ण व्हायला दोन महिने उरले असतील, तर दोन महिने अर्धेच तिकीट काढावे लागते. सवलत चालू वर्षावर नाही, पूर्ण झालेल्या वयावर मिळते.

मूळ कार्ड जवळ ठेवा आणि फोनमध्ये डिजिलॉकरही करून घ्या. ओळखपत्राबाबतच्या सूचना अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात जवळच्या आगारात एकदा विचारून यावे.

जोडप्याने जाणार असाल तर हिशेब असा. आजोबा ७६ वर्षांचे, आजी ६८ च्या. आजोबांचे शून्याचे तिकीट, आजींचे अर्धे. सोबत लेक किंवा सून आली तर १७ मार्च २०२३ पासूनच्या महिला सन्मान योजनेत तिचेही अर्धेच. मुलगा आला तर त्याला पूर्ण पैसे, कारण ज्येष्ठांच्या सोबत्याला वेगळी सवलत नाही.

मोफत असले तरी तिकीट घ्यायचेच. वाहक मशीनमधून शून्य रुपयांचे तिकीट काढून देतो, ते उतरेपर्यंत खिशात जपून ठेवा. सवलतीची रक्कम राज्य सरकार एसटीला भरून देते, ती अशाच तिकिटांच्या हिशेबावर. तपासणीस गाडीत चढला, किंवा न करो नारायण काही अपघात झाला, तर तुम्ही त्या गाडीत होतात याचा पुरावा ते तिकीटच. गर्दीत वाहक विसरला तर आपण हाक मारून मागावे. त्यात संकोच कसला?

मार्ग आखताना आगाराची गावे जोडा

नकाशा उघडला की सर्वांत सरळ रेघ दिसते समृद्धी महामार्गाची. ५ जून २०२५ पासून हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण खुला झाला आहे आणि घाईच्या माणसासाठी तो उत्तम आहे. तुम्हाला मात्र त्याच्या आसपासचा जुना रस्ता हवा: जालना, सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव, कारंजा, अमरावती. एसटीची साधी लाल गाडी अजून याच गावांतून जाते.

गाडी बदलायची ती बसस्थानक असलेल्या मोठ्या गावातच, फाट्यावर कधीच नाही, हा नियम मी फार कडक मानतो. फाट्यावर उतरले की अर्धा तास वाचेल असे कुणीतरी सांगतो आणि ते बरेचदा खरेही असते. पण तिथे सावली नसते, स्वच्छतागृह नसते, पुढची गाडी हात दाखवून थांबेलच याची खात्री नसते. स्थानकात बाकडे असते, चहा मिळतो आणि वाहतूक नियंत्रकाची खिडकी असते. शेवटची गाडी चुकलीच तर गावात लॉज किंवा भक्तनिवास सापडतो.

टप्पा दोन-अडीच तासांहून मोठा ठेवू नका. दिवसाला फार तर तीन गाड्या, आणि शेवटची गाडी चारच्या आत मुक्कामाला पोचणारी.

नमुन्याचे तीन दिवस

पहिल्या दिवशी सकाळी संभाजीनगरहून जालना. अंतर साधारण ६० किलोमीटर, गाड्या भरपूर. सिडको भागात राहत असाल तर मध्यवर्ती स्थानकापर्यंत उलटे जायची गरज नाही, जालन्याच्या गाड्या सिडको बसस्थानकात थांबतात. जालन्यात चहा घेऊन सिंदखेडराजा. इथे घाई करू नका. लखुजीराव जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचे जन्मस्थान, अगदी रस्त्याला लागून आहे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यालाही पाहता येतो. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवाची प्रचंड गर्दी असते. त्या सोहळ्यासाठीच जाणार असाल तर गोष्ट वेगळी, एरवी त्या आठवड्यात हा मार्ग टाळावा.

सिंदखेडराजाहून दुसरबीड, बिबी, सुलतानपूर करत गाडी मेहकरला पोचते. मुक्काम इथे. पैनगंगेकाठच्या या गावातली शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती संध्याकाळच्या वेळी निवांत पाहायला मिळते. हातात एक दिवस जास्तीचा असेल तर मेहकरहून लोणारला जाऊन यावे. उल्कापाताने झालेल्या या सरोवराला २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. खाली काठापर्यंत उतरण्याचा मोह ज्येष्ठांनी आवरावा, चढ दमवणारा आहे. वरच्या कडेवरून सरोवर पूर्ण दिसते, आणि गावातले दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर पाहायला फार चालावे लागत नाही.

दुसरा दिवस मुद्दाम हलका ठेवला आहे: मेहकर, मालेगाव, कारंजा. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. गुरुमंदिराच्या भक्तनिवासात राहण्याची सोय होते. उत्सवाच्या दिवसांत आधी फोन करून विचारावे.

तिसऱ्या दिवशी कारंज्याहून अमरावती आणि तिथून नागपूर. अमरावती-नागपूर सुमारे १५० किलोमीटर आहे, म्हणजे या प्रवासातला सर्वांत लांब टप्पा, दोन-अडीच तासांच्या नियमाला अपवाद. म्हणून तो अंबादेवीचे दर्शन आणि जेवण उरकून ताज्या अंगाने घ्या, नाहीतर अमरावतीला आणखी एक रात्र काढा. शेवटच्या भागात कोंढाळीच्या बाजूला संत्र्याच्या बागा दिसू लागतात. नागपूरला गाडी गणेशपेठच्या स्थानकात जाते.

या मार्गावर नावांचा एक घोळ होऊ शकतो. कारंजा दोन आहेत आणि दोन्ही याच वाटेवर! वाशिम जिल्ह्यातले कारंजा (लाड) आणि वर्धा जिल्ह्यातले, अमरावती-नागपूर रस्त्यावरचे कारंजा (घाडगे). मालेगावही नाशिक जिल्ह्यात एक आणि वाशिम जिल्ह्यात एक. तिकीट घेताना "कारंजा लाड", "वाशिमकडचे मालेगाव" असे पूर्ण बोला आणि मशीनमधून आलेल्या कागदावरचे नाव वाचून घ्या.

खिडकीवर काय विचारायचे

सगळ्या प्रवासाची मेख इथे आहे. चौकशीच्या खिडकीवर जाऊन "नागपूरची गाडी कधी?" असे विचारलेत की कंट्रोलर साहेब लांब पल्ल्याची थेट गाडी सांगतील. ती समृद्धीने निघून जाणारी असू शकते, आणि लांबून आलेली असली तर भरलेलीही. त्याऐवजी जालन्याच्या स्थानकात असे विचारा: "साहेब, सिंदखेडराजावरून मेहकरकडे जाणारी, इथूनच सुटणारी गाडी कोणती? कोणत्या फलाटावर लागते?"

"इथूनच सुटणारी" हे दोन शब्द फार कामाचे आहेत. स्थानकातून सुटणारी गाडी वेळेच्या आधी फलाटावर लागते, रिकामी असते, तुम्ही सावकाश दांड्याला धरून चढू शकता आणि हवी ती जागा मिळते. लांबून येणारी गाडी दोन मिनिटे थांबते आणि दारात झुंबड उडते. रिकाम्या गाडीसाठी अर्धा तास जास्त थांबणे परवडले.

खिडकीवर असतानाच त्याच दिशेची पुढची एक गाडी आणि दिवसातली शेवटची गाडी विचारून वहीत लिहून ठेवा. भिंतीवरचे वेळापत्रक जुने असू शकते, कंट्रोलरच्या तोंडचे आजचे असते. गाडीत चढण्यापूर्वी काचेवरचा बोर्ड वाचा, त्यात "मार्गे" लिहिलेले गावही वाचा, आणि तरी वाहकाला एकदा विचारा.

जागा, पिशवी, औषधे

मागची सीट आणि चाकावरची सीट सोडून मधली जागा धरा, धक्के कमी बसतात. ज्येष्ठांसाठी राखीव जागा असतात, खिडकीच्या वर तसे लिहिलेले असते. तिथे कुणी तरुण बसला असेल तर सांगितल्यावर बहुधा उठतो, नाही उठला तर वाहकाला सांगावे. संभाजीनगरहून नागपूरकडे जाताना तोंड साधारण पूर्वेला असते, म्हणून थंडीच्या दिवसांत ऊन बराच वेळ उजव्या बाजूने येते. ऊब हवी असेल तर उजवीकडे, नको असेल तर डावीकडे, दाराच्या बाजूला बसावे.

पिशवी एकच, मांडीवर मावेल एवढी. वरच्या रॅकवर चढवायला आणि उतरवायला दर वेळी कुणाची मदत शोधावी लागेल असे सामान घेऊच नका. टप्प्यांच्या प्रवासात ते सहा-सात वेळा उचलायचे असते. दोन दिवसांचे कपडे, पंचा, औषधे, पाण्याची बाटली, पाच-दहाच्या सुट्ट्या नोटा. चार दिवसांची औषधे जास्तीची ठेवा. रक्तदाबासाठी लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यावी हे डॉक्टरांना आधी विचारा. स्वतःहून गोळी बंद करणे किंवा पाणी पिणे सोडणे, ही दोन्ही धोक्याची कामे आहेत. पाणी थोडे थोडे पीत राहा आणि प्रत्येक स्थानकात, गरज वाटो न वाटो, स्वच्छतागृहात जाऊन या.

केव्हा निघावे

सकाळी शाळा-कॉलेजच्या वेळेत तालुक्याकडे येणाऱ्या गाड्या पासधारक मुलांनी भरतात, दुपारी चारनंतर तीच गर्दी परत गावांकडे जाते. मधली वेळ, दहा ते तीन, आपली. दिवाळीची सुट्टी, मे महिना आणि आषाढीच्या आसपासचे दिवस सोडा. आषाढीला तर गाड्याच पंढरपूरकडे वळवलेल्या असतात. विदर्भात नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरे, एप्रिल-मे मध्ये ज्येष्ठांनी दुपारी लाल गाडीत बसू नये.

६५ ते ७५ वाल्यांसाठी पैशांचा हिशेब

एसटीचे भाडे ६ किलोमीटरच्या टप्प्यावर मोजले जाते आणि अर्धवट टप्पाही पूर्ण धरला जातो. त्यामुळे तोडून प्रवास केला की थेट तिकिटापेक्षा थोडे जास्त पडते, पण ते अर्ध्या भाड्यातले थोडे. "आवडेल तेथे प्रवास" हा ४ किंवा ७ दिवसांचा पासही मिळतो. तो रोज लांब पल्ला मारणाऱ्याला परवडतो. अर्ध्या तिकिटात रमतगमत जाणाऱ्याने आधी बेरीज करून पाहावी, बहुधा सुटी तिकिटेच स्वस्त पडतात. ७५ वरच्यांना या पासाची गरजच नाही.

सवलत कुठे थांबते

शहर बससेवेला ही योजना लागू नाही. स्थानकातून नातेवाइकांकडे जाताना नागपूरची शहर बस पकडली तर तिथे तिचे नियम. दुसरी मर्यादा राज्याच्या हद्दीची. एसटीची गाडी नागपूरहून मध्य प्रदेशात किंवा सावंतवाडीहून गोव्यात जात असली, तरी सवलत महाराष्ट्राच्या सीमेपर्यंतच, पुढच्या अंतराचे पूर्ण भाडे. गोव्याला जाणाऱ्यांनी बांद्यापुढच्या प्रवासासाठी पैसे वेगळे काढून ठेवावेत. तिथून कदंबची, म्हणजे गोवा सरकारची, गाडी घेतलीत तर महाराष्ट्राची सवलत तिच्यात चालणार नाही.